दोन घरांची एक वायर

(सुकापूर, नवीन पनवेलला लागून. मे महिना, दुपारचा सव्वा वाजलाय. दोन भावांनी बांधलेलं दोन मजली घर. वरच्या मजल्यावरची थोरली जाऊ भीमाबाई तळमजल्यावर धाकट्या जावेच्या, वेणूच्या दारात उभी आहे. वेणूची सून, केतनची बायको समृद्धी आतल्या खोलीत घरूनच ऑफिसचं काम करते आहे. वरून खाली अठराच पायऱ्या, पण त्या उतरायला तिला सात वर्षं लागली.)

वेणू : ...आन् उभंच राहायचं असंल तर दार तरी लावून घ्या. सगळी गार हवा चालली बायेर.

भीमाबाई : आत येऊ का नको ते आदी सांग. मंग लावते दार.

वेणू : उंबऱ्यात उभं राहून एसी चालत नाय. या आत, नायतर जा वर.

भीमाबाई : आले गं बाय, आले. लावलं दार. अगो, केवढा गारठा हा! वर आमी स्लॅबखाली भाजून निघतोय, आन् तू हितं गोधडी पांघरून बसलीस?

वेणू : पाय दुखतात माझे. पायांवर घेतलीय.

भीमाबाई : एसी लावायचा आन् वर गोधडी घ्यायची. हे बरं हाय.

वेणू : सात वर्सांनी आलात त्या माझी गोधडी बगायला?

भीमाबाई : "आलात" काय गं? मला तुमी-तुमी करतेस? लग्न होऊन आलीस तवा सोळा वर्सांची होतीस, तुझी वेणी मी घालायची.

वेणू : तवाची गोष्ट तवा. काम बोला.

समृद्धी : आई, कोण आलंय? मी मीटिंग म्यूटवर टाकून... अय्या, मोठ्या आई! तुम्ही? बसा ना, उभ्या का? पाणी आणते.

वेणू : बसतील त्या. त्यांना कोणी धरलं नाय.

समृद्धी : मोठे बाबा कसे आहेत? काल पूर्वीताई ओरडल्या ना, मला कळलं सुद्धा नाही, कानात हेडफोन होते. नंतर केतन म्हणाला.

भीमाबाई : काय सांगू तुला पोरी. काल तीन वाजता खांबावरचा फ्यूज उडाला. बावीस मिनिटं लाईट नाय. ऑक्सिजनची मशीन बंद. घरात एक सिलिंडर ठेवलाय तसल्या वक्ताला, पण माझ्या पोरीला, पूर्वीला, घाबरून नळीच बसवता येईना. ओठ निळे पडले गं त्यांचे. मी नुसता पंखा घेऊन वारा घालत बसले, वेड्यासारखी. वाऱ्यानं काय ऑक्सिजन येतो?

समृद्धी : अरे देवा. मग हॉस्पिटल?

भीमाबाई : डॉक्टर बोलला, हॉस्पिटलमदी पण मशीनच लावणार. घरीच ठेवा, फक्त मशीन बंद पडू देऊ नका. म्हणून तर आले खाली. नायतर हिच्या दारात यायची माझी हिंमत होती का?

वेणू : ऐकलं होतं मी. पूर्वीचा आवाज.

भीमाबाई : ऐकलंस? मंग आली का नायस वर?

वेणू : बोलावलं होतं कोणी?

समृद्धी : आई...

भीमाबाई : राहू दे, तिचं बरोबर हाय. आता माझं ऐक वेणू. निकेश वायरमन येऊन गेला सकाळी. तो बोलतो, खांबावरनं आपल्याला वायर एकच हाय. तुझी आन् माझी. घर बांधलं तवा दोन भावांचे मिळून चार पंखे आन् एक टीव्ही होता, घेतली एक वायर. मीटर दोन, पण वायर एक. आता दुपारी दोन ते पाच सगळ्या आळीचे एसी सुरू होतात, पॉवर खाली येते, आन् त्यात आपला लोड. ती वायर सोसत नाय. फ्यूज जातो. नव्या वायरीचा अर्ज दिलाय, पण आठ-दहा दिवस लागतील बोलतात.

वेणू : मंग तुमच्या घरातलं बंद करा.

भीमाबाई : केलं ना! आमचा एसी मंगळवारपासनं बंद. फ्रिजची पिन दुपारी काढून ठेवते. भात-आमटी, मिक्सर, कपड्यांचं मशीन, जे काय असंल ते सकाळी आठच्या आत. गच्चीवर गोणपाट अंथरून रोज पाणी मारते. पूर्वेच्या खिडक्या उजाडताच बंद, त्यांना ओल्या चादरी. ऊन आत यायच्या आदीच बंद करायला लागतात, आल्यावर करून काय उपेग? संध्याकाळी वारा सुटला की सगळं उघडते. वर आता दुपारचं फक्त मशीन चालते आन् त्यांच्या डोक्यावरचा पंखा. माझ्या डोक्यावरचा पण नाय.

समृद्धी : म्हणून तुमचा चेहरा असा लाल झालाय. इथे या, पंख्याखाली बसा.

भीमाबाई : तर मी काय बोलते, सासऱ्यांच्या मिठागरात कसं होतं? भरतीचं पाणी सगळ्यांना एकदम घेता यायचं का? पाळी असायची. आज तुमच्या कोंडीत, उद्या आमच्या. तशी आपण पाळी लावू. दोन ते पाच माझी. बाकी सगळा दिवस तुझा. तू काय पण लाव.

समृद्धी : मोठ्या आई, हे तर सोपं आहे. मी सकाळची शिफ्ट मागून घेते. आणि एसी बंदच करायला हवा असंही नाही. आत्ता तो अठरावर आहे. सव्वीसवर ठेवला आणि वर पंखा लावला की तेवढंच बरं वाटतं, लोड कितीतरी कमी. मी रोज सांगते.

वेणू : अठरावर ठेवला की लवकर गार होतं.

समृद्धी : नाही हो आई, लवकर होत नाही. तो फक्त थांबत नाही. मग तुम्हाला गोधडी लागते.

वेणू : बरं बरं. शिकवू नको. घ्या, दोन ते पाच माझा एसी बंद. ठरलं. झालं काम?

भीमाबाई : अर्धं झालं.

वेणू : आता काय राहिलं?

भीमाबाई : तुझा मागच्या पडवीतला मोठा फ्रीझर. निकेश बोलला, खरं दुखणं तिकडं हाय. जुना झालाय, दाराचं रबर ढिलं पडलंय, दिवसभर धापा टाकतो. आन् बंद होऊन परत सुरू होतो ना, तवा जो धक्का देतो, त्यानंच फ्यूज जातो.

वेणू : निकेशला काय माहीत माझ्या पडवीत काय हाय ते?

समृद्धी : आई, मीच दाखवला. रविवारी तुम्ही ओवे गावात हळदीला गेला होतात तेव्हा. त्याने त्याचं ते चिमट्याचं मीटर लावून बघितलं. अख्ख्या घरात सगळ्यात जास्त तोच ओढतो.

वेणू : मला न विचारता? माझ्या मागं माणूस आणतेस घरात?

समृद्धी : विचारलं असतं तर तुम्ही आणू दिलं असतं का? तो बंद करा म्हणून केतनने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तुम्ही रागाने जेवल्या नाहीत. कुलूप लावून ठेवलंय त्याला. आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही.

भीमाबाई : काय असणार? आगोटीचं, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सामान असंल. सुकट, बोंबील. ते काय फ्रीझरात ठेवायचं असतं का गं? बरणीत राहतं वर्सभर. आन् मसाला असंल तर...

वेणू : फ्रीझर बंद होणार नाय.

भीमाबाई : तीनच तास, वेणू.

वेणू : तीन मिनिटं पण नाय. एसी घ्या, टीव्ही घ्या, माझा पंखा पण घ्या, अंधारात बसते मी. फ्रीझरला हात लावायचा नाय.

भीमाबाई : बर्फाचा काय सोस हाय का तुला? वर माणूस हाय गं! तुझा थोरला दीर हाय तो!

वेणू : हा, थोरला दीर. आता दीर! माझ्या केतनच्या हळदीत कोण होता मंग? सांगा ना हिला. हिची पण हळद होती ती. नवऱ्याला चौरंगावर बसवलाय, पाच जणींनी हळद लावलीय, सहावीचा हात गालापर्यंत आलाय, आन् भप्पकन अंधार! डीजे बंद, मंडप काळा. बायका किंचाळतात, पोरं रडतात. लोक बॅटऱ्या मारत मीटरपाशी गेले, तर तिथं कोण? हातात फ्यूज घेऊन कमळाकर ठाकूर उभे. सख्खा चुलता. "मीच काढला" बोलले, आन् गेले वर निघून. ना माफी, ना कारण.

समृद्धी : आमच्याकडे उष्टी हळद फार उशिरा पोचली. सगळे म्हणत होते अपशकुन झाला. मला मात्र कोणी नीट सांगितलंच नाही काय झालं ते.

वेणू : त्या दिवसापासनं दोघं भाऊ बोलले नायत. एका छपराखाली चार वर्सं. माझा माणूस तसाच गेला. त्याला खांदा दिला तुमच्या ह्यांनी, पण तोंडातनं शब्द नाय काढला. आन् आता त्यांच्यासाठी माझ्या घरची पिन काढू? त्यांनी काढली तशी?

भीमाबाई : त्यांनी नाय काढली.

वेणू : काय?

भीमाबाई : त्यांनी नाय काढला फ्यूज. मी काढला.

वेणू : माणूस वाचवायला काय पण बोलाल आता.

भीमाबाई : माझ्या पूर्वीची शपथ. मी काढला. हे बग, ह्या हातानं. भाजलं होतं बोट, अजून वण हाय.

समृद्धी : मोठ्या आई, पण का?

भीमाबाई : तुमच्या हळदीच्या अकरा दिवस आदी पूर्वीचं लग्न मोडलं होतं. पत्रिका छापून झालेल्या. पोरगी जेवायची नाय, बोलायची नाय. त्या दिवशी मी तिला बोलले, चल खाली, तुझ्या भावाची हळद हाय. ती बोलली, लोक माझ्याकडं बगतील. वरच्या खोलीत पडली होती, दोन्ही कानांवर उशी दाबून. खाली तुमचा डीजे. भिंती हालत होत्या. आन् तिनं उशीतनं मला विचारलं, "आई, हे कधी थांबंल?" मी उतरले आन् थांबवलं. विचार केला असता तर जिन्यातनं परत फिरले असते. नाय केला.

वेणू : आन् भावोजी?

भीमाबाई : ते माझ्या मागनं धावत आले. तोवर लोकांच्या बॅटऱ्या आल्या. त्यांनी माझ्या हातातनं फ्यूज हिसकला, मला जिन्याकडं ढकललं. बोलले, "वर जा. तुझं नाव निघालं तर पूर्वीचं निघंल. लोक बोलतील, मोडलेल्या लग्नाच्या जळफळाटानं केलं. माझं निघू दे." म्हणून मी गप्प बसले. आज-उद्या सांगू करता करता बसूनच राहिले.

वेणू : चार वर्सं होता माझा नवरा. चार वर्सं तुमाला तोंड नव्हतं?

भीमाबाई : होतं. हिंमत नव्हती.

वेणू : रोज संध्याकाळी तो खाली ओट्यावर बसायचा. वर दादा खोकला की मान वर करायचा. मी बोलायची, कशाला बगतोस, आपली इज्जत घालवली त्यानं. मी त्याला अडवायची! तुमच्या एका शब्दाचं काम होतं, बाय. एक शब्द बोलली असतीस तर मी त्याला हातानं ढकलून वर धाडला असता.

भीमाबाई : चुकलं माझं. वेणू, फार चुकलं. काय बोलायचं ते बोल, मार मला. पण ते निर्दोष हायत गं. माझी शिक्षा त्यांना नको.

वेणू : शिक्षा? तुला काय वाटलं, मी राग म्हणून फ्रीझर बंद करत नाय?

भीमाबाई : मंग कशाला?

वेणू : त्यात काय हाय माहीत हाय तुला?

समृद्धी : काय आहे आई?

वेणू : जिताडा.

समृद्धी : मासा?

वेणू : हा, मासा. अडीच किलोचा. तुझे सासरे गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी आपट्याला गेले होते. पाताळगंगेला भरतीचा जिताडा मिळतो तिकडं. सकाळी सहाला गेले ते दुपारी आले, उन्हानं काळे झालेले. मी बोलले, एवढा मोठा कोण खाणार? तर बोलले, "आपल्याला नाय, दादाला. उद्या रविवार हाय. सकाळीच नेऊन देतो. जिताडा घेऊन दारात गेल्यावर दादा दार लावणार हाय काय?"

भीमाबाई : बाळारामभावोजी बोलले असं?

वेणू : असंच बोलले. आपल्यात व्याह्याला देतात, मोठ्या माणसाला देतात, मान म्हणून. तसा भावाला द्यायला निघाले होते. त्या दिवशी मी पण नाय अडवलं, त्यांच्या तोंडाकडं बगून. धुऊन, कागदात बांधून फ्रीझरात ठेवला. पहाटे छातीत कळ आली. रविवार उजाडलाच नाय त्यांना.

समृद्धी : आई... तीन वर्षं? एवढ्यासाठी कुलूप?

वेणू : तेराव्यानंतर मीच घेऊन निघाले होते वर. दोन पायऱ्या चढले आन् हळद आठवली. परत आले. टाकवत नाय, खाववत नाय, देववत नाय. मंग ठेवला. लाईट गेली की माझा जीव घाबरा होतो, वितळला तर? त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय, पोचवायचं.

भीमाबाई : अरे माझ्या देवा. आन् मी बोलले, सुकट ठेवलीय म्हणून...

समृद्धी : आई, ट्यूब बघा. फडफडते आहे.

भीमाबाई : काल पण आदी अशीच फडफडली होती! वेणू, मी जाते वर, पूर्वी एकटी हाय, सिलिंडर...

वेणू : समृद्धी, पळ! पडवीत जा, पिन काढ.

समृद्धी : एसीची ना?

वेणू : एसीची मी काढते हितं. तू फ्रीझरची काढ! पयली फ्रीझरची!

समृद्धी : पण किल्ली?

वेणू : पिन काढायला किल्ली कशाला लागते गं? पळ!

समृद्धी : काढली! काढली आई. बंद झाला.

वेणू : गप. दोघी गप राहा. ऐका.

भीमाबाई : काय ऐकू? मला वर जाऊ दे.

वेणू : थांब गं. वर बग. येतोय का आवाज? घुर्र, फुस. घुर्र, फुस. चालू हाय मशीन.

भीमाबाई : हितं ऐकू येतो तो?

वेणू : माझ्या पलंगाच्या बरोब्बर वर हायत ते. झोप लागत नाय तवा तोच ऐकत पडते. मधीच जरा थांबल्यासारखा वाटला की उठून बसते.

भीमाबाई : तू? रोज?

वेणू : काल बावीस मिनिटं नव्हती बंद. तेवीस होती.

भीमाबाई : वेणू...

वेणू : तिसऱ्या पायरीवर उभी होते. मशीन परत सुरू झाली तवा खाली उतरले. बस, रडू नको आता. तू रडलीस की मला पण येतं, आन् माझी मान दुखते.

समृद्धी : ट्यूब स्थिर झाली. दोनला दहा कमी आहेत. मी केतनला फोन करू का? तो पाचला सुटेल.

वेणू : कर. सांग, येताना निकेशला घेऊन ये. खुर्चीत बसवून भावोजींना खाली आणू. ही खोली गार असते, वर दुसरा मजला हाय, ऊन थेट पडत नाय. नवीन वायर येईपर्यंत राहतील हितं. पूर्वी पण राहील. काय ते सव्वीस का काय बोलतेस, त्यावर ठेव. दोन्ही घरांना एकच एसी लावू.

समृद्धी : आणि वर पंखा.

वेणू : आन् वर पंखा. माहीत हाय.

भीमाबाई : ते येतील का गं? मान खाली घालून बसलेत सात वर्सं.

वेणू : न यायला काय झालं? मी बोलवायला येते ना. समृद्धी, ही माझ्या कमरेची किल्ली घे. उघड तो फ्रीझर. परात घेऊन जा, बर्फ फार असंल.

भीमाबाई : आता कशाला उघडतेस? राहू दे की बंद. तीन तासांत काय होत नाय.

वेणू : तीन तासांनी परत लावायचा नाय मला. पुरे झालं.

समृद्धी : आई, मिळाला! कागद आहे तसाच आहे. पण हा... हा आता खाता येणार नाही हो. तीन वर्षं झाली, किती वेळा लाईट गेली असेल मधे.

वेणू : खायाला कोण बोललं? परातीत ठेव, वर स्वच्छ फडकं टाक. बाय, तू हो पुढं, मला हात दे, जिना चढवत नाय मला. भावोजींना नुसता दाखवायचा. बोलायचं, बाळारामानं पाठवलाय, यायला उशीर झाला.